मधात उठायचं नाही

मुंबईत फुकट काय काय पाहायला मिळतं याची माझी एक वही आहे. कोणतं कलादालन सोमवारी बंद असतं, कोणत्या संग्रहालयात पिण्याचं पाणी खरोखर थंड असतं, कुठल्या बाकाला पाठ आहे, कुठला पहारेकरी तासभर एकाच चित्रासमोर बसू देतो आणि कुठला दर दहा मिनिटांनी घसा खाकरतो, हे सगळं तिच्यात आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी ती लिहीत आले. ज्या कुणी या इमारती बांधल्या, भिंतींवर चित्रं लावली आणि तिकिटाची खिडकीच ठेवली नाही, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. हे मी मनापासून म्हणते. तरी त्या वहीतलं एक पान उघडलं की अजून माझी चिडचिड होते. त्या पानावरची अख्खी दुपार माझ्या वडिलांनी आणि आत्यानं मिळून खाल्ली.

मी मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावची. घरी धानाची शेती. शाळा गावात, मग तुमसरला, आणि पुढे एका शिष्यवृत्तीच्या बळावर मुंबई. पदवी घेणारी घरातली मी पहिली. वसतिगृहाची खानावळ रविवारी संध्याकाळी बंद असायची आणि खोलीतल्या बाकीच्या मुली आपापल्या नातेवाइकांकडे जायच्या. माझं मुंबईत कुणी नव्हतं. अशाच एका रविवारी पायी फिरता फिरता मी एका मोठ्या कलादालनाच्या दारात पोचले. अर्धा तास तिकिटाची खिडकी शोधली. शेवटी पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला की इथं पैसे पडत नाहीत, जा आत. मी आणखी थोडा वेळ बाहेरच उभी राहिले. एवढ्या रुंद पायऱ्यांची जागा मला तशीच आत घेते यावर विश्वास बसेना.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत मी एक चित्र पाहिलं. फार मोठं नव्हतं. खिडकीपाशी खुर्चीवर एक बाई बसलेली. हातात पुस्तक नाही, सूप नाही, सुई नाही, मांडीवर लेकरू नाही. नुसती बसलेली, आणि तिला कसलीही घाई नाही. आमच्या घरात नुसती बसलेली बाई मी कधी पाहिली नव्हती. आई बसली तरी तिचे हात तांदूळ निवडत असायचे. मी त्या बाईसमोर बंद होण्याची घंटा वाजेपर्यंत बसून राहिले. पुढे परीक्षा असो, ताप असो, नोकरी न मिळाल्याचे महिने असोत, बहुतेक रविवारी मी तिच्याकडे जाऊन आले.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, तेव्हा मी एका छोट्या प्रकाशकाच्या कचेरीत मुद्रितं तपासत होते. पगार जेमतेम. तिकडे आमच्या भागात, साकोलीला एका खाजगी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची जागा निघाली होती आणि तिथल्या एका सरांची वडिलांशी ओळख होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. वडिलांनी जबरदस्ती केली असती तर मी भांडले असते. ते फक्त विचारायचे, "तिथी काय आहे बाई तुझं?" आणि या प्रश्नाला माझ्याकडे फोनवर देता येईल असं उत्तर नव्हतं. पगार सांगायची सोय नव्हती. खोली सांगायची तर तीत तीन जणी राहत होतो. मुंबईत मला काय मिळतं, हे दाखवता आलं तरच कळणार होतं.

नेमकं त्याच आठवड्यात कल्याणला नात्यातलं लग्न निघालं. वडील आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, लग्नाला आले. परतीची गाडी रविवारी संध्याकाळी सातची. दुपारी दीडपासून ते दोघं माझ्या ताब्यात. मी वेळेचा हिशेब पक्का केला होता. वरचे मजले पाच वाजता बंद होतात, म्हणून आधी थेट दुसऱ्या मजल्यावर. ती बाई दाखवायची, तिच्यासमोर वडिलांना बसवायचं, आणि तिथंच साकोलीचं बोलायचं. बाकीची चित्रं नंतर, वेळ उरला तर.

पहिली पंचवीस मिनिटं दारातच गेली. पिशव्या बाहेरच्या खिडकीवर ठेवून टोकन घ्यायचं असतं. आत्याच्या पिशवीत लग्नाचे लाडू होते आणि ती पिशवी सोडायला तयार नव्हती. सामान फुकट ठेवतात हे कळल्यावर तर तिचा संशय आणखी वाढला.

"सामान फुकट, आत जाणं फुकट. मंग यायले भेटते काय?" तिनं मला बाजूला घेऊन विचारलं.

मी म्हटलं, काही भेटत नाही, लोकांनी पाहावं म्हणून ठेवलं आहे.

"तशेच म्हणत होते ते मशीनवाले."

हे मशीनवाले म्हणजे आदल्या वर्षी आंधळगावात पाय दाबायचं यंत्र घेऊन आलेले लोक. पंधरा दिवस सगळ्या म्हाताऱ्या बायांचे पाय फुकट दाबून दिले आणि सोळाव्या दिवशी प्रत्येकीच्या घरी यंत्र विकायला हजर. आत्यानं तेव्हा त्यांना चहा पाजून घालवलं होतं. इथंही शेवटी काहीतरी विकायला काढतील, याची तिला खात्री होती. टोकन तिनं पदराच्या टोकाला बांधलं आणि मला बजावलं की आत कुणी काही सही करायला सांगितली तर करायची नाही.

आत गेल्यावर मला तिचे दुखणारे गुडघे आठवले. दोन मजले चढायचे तर लिफ्ट हवी, आणि लिफ्ट पहारेकऱ्याला सांगितल्याशिवाय उघडत नाही. तळमजल्यावर काळा पडदा लावलेली एक खोली होती, आत बाक होता आणि भिंतीवर फिल्म चालू होती. मी दोघांना तिथं बसवलं, दोन मिनिटांत येते म्हणून सांगितलं आणि पहारेकऱ्याला शोधायला गेले. आजवर इतकी वर्षं संग्रहालयं फिरून मी केलेली ही सगळ्यात मोठी चूक.

परत आले तर दोघांनी चपला बाकाखाली सारल्या होत्या. वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घडी करून ठेवला होता. आत्यानं पाठ भिंतीला टेकली होती. ही बसण्याची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे. नाटकाला बसायची पद्धत.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक. वडील ऐन उमेदीची अकरा वर्षं गावच्या मंडळात फौजदाराचं काम करायचे. त्यातल्या एका वर्षी त्यांचा प्रवेश सुरू असताना समोरचा अर्धा मांडव उठून गेला. थंडी होती, शेजारच्या गावात दुसरं नाटक होतं, कारण काहीही असेल. वडिलांनी बसायला अंथरलेल्या रिकाम्या पोत्यांसमोर आपलं भाषण पूर्ण केलं. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला: खेळ कसाही असो, मधात, म्हणजे मध्येच, उठायचं नाही. आम्ही भावंडं पोत्यावर झोपून जायचो, पण पडदा पडेपर्यंत घरी कुणी जायचं नाही.

"बाबा, चला. लिफ्टचं सांगून आली मी."

"थांब ना. आत्ताच तर सुरू झालं."

मी पडद्याकडे पाहिलं. पावसातली धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. तिची पार, कडेचा मातीचा बांध, एका जागी फुटलेली, पाणी वाहून जातं आहे, आणि पांढरे कपडे घातलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चिखल उचलून त्या भगदाडात टाकतो आहे. चिखल वाहून जातो. तो पुन्हा टाकतो. एवढंच. बाहेरच्या पाटीवर अकरा मिनिटं असं लिहिलं होतं. संपली की फिल्म आपोआप परत सुरू होते, हेही लिहिलं होतं, पण पाटी इंग्रजीत. दार सगळ्यांना फुकट ठेवायचं आणि पाटी इंग्रजीत लावायची, हा प्रकार मला पहिल्या वर्षापासून खटकत आला आहे. त्या काळी मी शब्द वहीत उतरवून घेऊन वसतिगृहात अर्थ शोधायचे.

वडिलांना मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, अकराच मिनिटं ना, मग होऊ दे.

अकरा मिनिटं झाली. पडदा काळा झाला. वडिलांनी टाळी वाजवायला हात वर केले, तेवढ्यात पुन्हा पाऊस सुरू झाला. मागं कॉलेजची दोन मुलं आणि एक मुलगी उभी होती. त्यातल्या एकानं हसून शीळ घातली.

"वन्समोर देला," वडील समाधानानं म्हणाले.

आमच्या नाटकात एखादं गाणं रंगलं की लोक वन्समोर देतात आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागतं. वन्समोर चालू असताना उठून जाणं हे मधात उठण्याहूनही वाईट, कारण नट आता फक्त तुमच्यासाठी म्हणत असतो. मी कितीदा सांगितलं की इथं नट नाही, यंत्र आहे, शिळेचा काही संबंध नाही. त्यांनी मला हातानं गप्प केलं. पुढच्या रांगेतल्या बोलघेवड्याला करतात तसं.

दुसरी खेप संपली तेव्हा तीन वाजून गेले होते. तोवर यंत्राचं प्रकरण त्यांच्या लक्षात आलं होतं. ते काही अडाणी नाहीत. पण आता त्यांना वेगळंच काही सापडलं होतं.

"हातानं चिखल टाकून पार बसते का कधी?" ते पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "आधी तणस टाकाले लागते. मंग माती. मंग पायानं दाबाचं."

त्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, काका काय म्हणताहेत. मी थोडक्यात सांगितलं. ती तिघंही बाकाजवळ येऊन खाली बसली. वडिलांनी त्यांना आपल्या हिंदीत फुटलेली पार कशी बांधायची ते पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि जिथं हिंदी अडली तिथं मला हाक मारली. मी अंधारात उभी राहून तणस म्हणजे धानाचं वाळलेलं गवत, ते पाण्याला कसं अडवतं, हे मुंबईच्या मुलांना समजावत होते, आणि मनगटावरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. मुलगी वहीत लिहून घेत होती. मला म्हणाली, तुम्ही किती नशीबवान आहात. मी नशीबवान आहे हे मला मान्य आहे, रोज मान्य आहे, पण त्या क्षणी मला ते कुणी सांगायला नको होतं.

आत्या एव्हाना झोपली होती. खोली गार होती आणि तिला कुणी काही विकायला आलं नव्हतं.

साडेचारला मी एकटी वर जाऊन आले. ती बाई तिच्या खुर्चीवर होती. मी तिच्यासमोर दोन मिनिटंसुद्धा नीट उभी राहू शकले नाही. सगळं लक्ष खाली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्या निवांतपणाचा मला राग आला. पुन्हा खाली आले तेव्हा पावणेपाच झाले होते, मुलं निघून गेली होती आणि वडील तसेच बसून होते.

"बाबा, पाच वाजता वरचं बंद होते. चला आता."

"हे झालं का येतो."

तिथं माझा तोल गेला. कलादालनात मोठ्यानं बोलू नये हे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

"ते होत नाही बाबा. कधीच होत नाही. त्या माणसाची पार बसतच नाही, बनवणाऱ्यानं तसंच बनवलं आहे ते."

आत्या दचकून उठली आणि तिनं आधी पदराची गाठ चाचपली. वडील माझ्याकडे वळले. रागावले नव्हते.

"तुले कसं माहीत? तू पूर्ण पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. ती फिल्म दोन महिने तिथं चालू होती आणि मी दर रविवारी त्या काळ्या पडद्यावरून सरळ पुढं गेले होते. वहीत लिहिलं होतं: तळमजला, अंधारी खोली, फिल्म, टाळावे.

ती खेप संपली. वडिलांनी टाळ्या वाजवल्या, एकट्यानं, पाच-सहा, आणि चपला घातल्या. आम्ही जिन्याजवळ पोचलो तेव्हा पहारेकरी साखळी लावत होता. पाचला तीन मिनिटं कमी होती. लिफ्ट खाली यायलाच तेवढी लागतील, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. मी त्याला विनवण्या केल्या. ओळखीचा होता तो. त्यानं मान खाली घालून साखळी अडकवली आणि पुढल्या रविवारी या म्हणाला. पुढल्या रविवारी माझे वडील धान कापायला शेतात असणार होते, हे त्याला सांगून काय उपयोग.

माझा राग स्टेशनपर्यंत उतरला नाही. आत्या मात्र खुशीत होती. टोकन देऊन पिशवी परत मिळाली होती, लाडू मोजून झाले होते, सगळे होते. "गजब गार होतं व माय," ती म्हणाली. "आन् शेवटलोक काही विकलं नाही त्यायनं."

गाडी फलाटाला लागायला वेळ होता. आम्ही पिशव्यांवर बसलो. वडिलांनी विचारलं, वर काय होतं. मला सांगायची इच्छा नव्हती, तरी सांगितलं, एक चित्र होतं.

"कायचं?"

"एका बाईचं."

"काय करून राह्यली ती?"

"काही नाही करत. बसून आहे."

"अव, एवढंच?" आत्या म्हणाली. "तेवढी तं मी बी बसून होती. माह्याकडंच पाहून घ्याचं."

वडील हसले. मी हसले नाही. मला ठाऊक होतं की ती बरोबर बोलते आहे. इतक्या वर्षांत मी आत्याला हात मोकळे टाकून बसलेलं त्या दुपारीच पाहिलं होतं, आणि पाहत होते ते घड्याळाकडे. तरी मला हसू आलं नाही. पाच वर्षं जपलेली एक गोष्ट माणसाला दाखवायची असते, एकदाच संधी येते, आणि ती अशी चिखलात जाते.

"तू दर इतवारी येतेस तिथी?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"शिकत होती तवापासून?"

"हो."

"कोणी सांगते का तुले, जा म्हणून?"

"नाही. बंद होण्याची घंटा वाजली का निघतो."

त्यांनी दुपट्ट्याच्या दशा नीट केल्या. मग म्हणाले, "उद्या साकोलीच्या सरले फोन कराचा आहे."

मला वाटलं, आता विचारतील. मी सकाळपासून तयार केलेली सगळी वाक्यं त्या चित्रासमोर बोलायची होती. फलाटावर, लाडवांच्या पिशवीशेजारी बसून, त्यातलं एकही मला आठवेना. मी चिडूनच म्हटलं, काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

"सांगतो का पोरगी नाटकाले बसली आहे," वडील म्हणाले. "मधात उठवणं बरं दिसत नाही."

आत्या म्हणाली, "सर काय म्हणतीन?"

"म्हणू दे. त्याले कोण बलावलं होतं नाटकाले."

गाडी आली. मी त्यांना जागेवर बसवलं, पाण्याची बाटली दिली, आत्याच्या पाया पडले. वडिलांच्या पाया पडताना मला त्यांना खूप काही म्हणायचं होतं, पण दुपारचा राग अजून गेला नव्हता. म्हणून मी एवढंच म्हणाले की तुमसर रोडला उतरायचं विसरू नका. जन्मभर त्याच स्टेशनवर चढउतार करणाऱ्या माणसाला.

पुढच्या रविवारी मी कलादालनात गेले आणि वर न जाता त्या अंधाऱ्या खोलीत शिरले. चपला काढल्या नाहीत. पहिल्यापासून पूर्ण पाहायचं ठरवून बसले. तोच पाऊस, तोच पांढऱ्या कपड्यांतला माणूस, तोच चिखल. सातव्या-आठव्या मिनिटाला माझी नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तिथं पारीवर तणसाची एक पेंढी पडलेली होती. त्या माणसापासून चार हातांवर. भिजत.

म्हणजे बाबांनी ती पहिल्याच खेपेला पाहिली होती. तो माणूस ती कधी उचलतो, याची ते दोन तासांहून जास्त वाट पाहत होते.

मी बाहेर येऊन त्यांना फोन लावला. ते शेतात होते, मागं कापणीच्या बायांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "बाबा, तणस तर त्याच्या बाजूलेच पडलं आहे जी."

"मंग? मी काय म्हणून राह्यलो होतो?" ते म्हणाले. "उचललं का त्यानं?"

"नाही."

"पाह्य अजून," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी आत गेले आणि दुसरी खेप पाहायला बसले. पेंढी तिथंच होती. तो माणूस दोन्ही हातांनी चिखल उचलत होता, चिखल वाहून जात होता, आणि मला त्याचा असा संताप आला की उठवेना.